कार्बोरेटर बदलण्याआधी साफ करून पाहा

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 निकष आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला. सोलापूरच्या रस्त्यांवरच्या जुन्या स्प्लेंडर मात्र अजून त्याच्यावरच धावतात. अशी गाडी आयडलिंगला बंद पडू लागली की ‘नवीनच टाका’ हा सल्ला मिळतो. तो घाईचा आहे. दोष बहुधा पायलट जेटच्या बारीक छिद्रातल्या कचऱ्याचा असतो. त्यात आता पेट्रोलमधले इथेनॉल ओलावा शोषते. गाडी फार दिवस उभी राहिली की फ्लोट बाऊलच्या तळाशी पाणी आणि गाळ साचतो. जेट काढून क्लीनर आणि हवेच्या झोताने साफ करावा. तार खुपसली तर छिद्र मोठे होते आणि ॲव्हरेज घसरते. मग इंजिन गरम असताना एअर स्क्रू हळूहळू फिरवून आवाज सर्वांत चढा आणि एकसारखा लागेल तिथे थांबावे.

जुन्या गाड्या धूर ओकतात, त्या भंगारातच घालाव्यात, असे काही जण म्हणतील. पिस्टन रिंग झिजल्याचा निळा धूर साफसफाईने जात नाही, हे खरे. पण काळा धूर जास्त पेट्रोल जळत असल्याची खूण आहे आणि तो बहुतेकदा ट्यूनिंगने आटोक्यात येतो. म्हणून पीयूसीच्या रांगेत लागण्याआधी कार्बोरेटर उघडून घ्या.