गुप्त कट शोधू नका, छापील अहवाल वाचा

बिल्डरबर्ग, ट्रायलॅटरल कमिशन म्हणजे 'जगाचे गुप्त सरकार', असे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर फिरतात. मित्रांनो, ते फॉरवर्ड करणे थांबवा. या कथा अनेकदा ज्यूंच्या द्वेषापाशी जाऊन पोहोचतात, आणि जन्मावरून अख्खा समाज दोषी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आमचा आक्षेप वेगळा आहे. ट्रायलॅटरल कमिशन 1973 मध्ये बँकर डेव्हिड रॉकफेलर यांच्या पुढाकाराने उभे राहिले. उत्तर अमेरिका, पश्चिम युरोप, जपान यांचे सहकार्य हा जाहीर हेतू. सदस्य निमंत्रित, मतदाराला विचारतो कोण? त्यांच्यातलेच जिमी कार्टर 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले; उपाध्यक्ष, परराष्ट्रमंत्री, सुरक्षा सल्लागारही याच मंडळींतले. सगळे उघड!

1975 मध्ये कमिशनसाठी लोकशाहीच्या संकटावर अहवाल लिहिला गेला, पुस्तक म्हणून छापलाही गेला. अमेरिकेवरचे प्रकरण सॅम्युएल हंटिंग्टन यांचे. त्यांचा मुद्दा असा की लोकशाही नीट चालायला काही समूहांची उदासीनता लागते. कृष्णवर्णीयांसारखे परिघावरचे लोक पूर्ण सहभागी झाले की व्यवस्थेवर मागण्यांचा भार पडू शकतो. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला कायद्याचे खरे संरक्षण मिळाले 1965 मध्ये. दहा वर्षांत त्यांचे ओझे झाले!

जागतिक सहकार्याला आमचा विरोध नाही. बाबासाहेब कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकले. पण आरक्षण मागितले की 'गुणवत्ता', अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद दिली की 'दुरुपयोग', ही ओझ्याचीच भाषा आहे. पुढच्या अभ्यासवर्गात हंटिंग्टन यांचे ते प्रकरण वाचायला घ्या.