घरचा हिशेब : पडदा किती मोठा हवा?



उरण, जासई, द्रोणागिरी भागातील आपल्या वस्त्यांत हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो. शेअर बाजाराचे काम घरून करायचे, तर संगणकाचा पडदा किती इंची घ्यावा? मुलगा गोदामात नाहीतर बंदराच्या कामावर असतो, चार पैसे शिल्लक पडलेले असतात. दुकानदार सांगतो, दोन मोठे पडदे घ्या. यंत्राची भाषा कळत नाही म्हणून घरातील वडीलधारी गप्प बसतात. तर ती भाषाच आधी समजून घेऊ.

पडद्याचे इंच मोजतात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. पण नुसते इंच पाहून भागत नाही. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. जितके ठिपके जास्त, तितका मजकूर जास्त मावतो. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. १९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडीवर सुमारे २० लाख ७३ हजार, जवळजवळ दुप्पट. भावांची यादी, आलेख आणि ऑर्डरची खिडकी शेजारी-शेजारी उघडायची, तर हा फरक लगेच जाणवतो.

आता गंमत पाहा. ठिपके तेवढेच ठेवून पडदा मोठा घेतला, तर जास्त काही दिसत नाही, तेच मोठे दिसते. २४ इंची फुल एचडीवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर ८२. अक्षर फुटल्यासारखे वाटते. २७ इंचच घ्यायचा असेल तर तो २५६० बाय १४४० चा घ्यावा. उलट, २७ इंचीवर फोर-के घेतला तर अक्षरे मुंगीएवढी होतात. मग ती दीडशे टक्के मोठी करावी लागतात, आणि जागा शेवटी २५६० बाय १४४० एवढीच उरते. जादा पैशाने अक्षर रेखीव होते, जागा वाढत नाही.

म्हणून साध्या घरासाठी माझे मत स्पष्ट आहे : २४ इंची, फुल एचडी, आयपीएस जातीचा एकच पडदा. घेण्यापूर्वी आपल्या संगणकाला एचडीएमआयची जागा आहे का ते पाहावे. पडदा डोळ्यांपासून हातभर दूर आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. टेबल अरुंद असेल तर मोठा पडदा नाकावर येतो आणि मान दुखते. त्यापेक्षा उरलेल्या पैशांत बरी खुर्ची आणि वीज गेल्यावर काही मिनिटे साथ देणारा यूपीएस घ्यावा. त्याच पडद्यावर मुलीचा अभ्यास होईल, परीक्षेचे अर्जही भरता येतील.

या व्यवहाराचे आपल्याला वावडे नाही. लंडनहून परतल्यावर, १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. ती चालूही लागली. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरून समभागांची खरेदी-विक्री सुरू केली. समोरचा माणूस कोण, हे या पडद्याला दिसत नाही. जे दार बाबासाहेबांवर बंद झाले, ते आपल्या मुलांना उघडे आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र पडदा जात विचारत नाही, तशी दयाही करीत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. यांच्यापैकी कितीतरी जणांपुढे मोठे पडदे असतीलच.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगाला, दोन उद्योगाला, चौथा संकटासाठी राखून. जुगार हा संपत्ती नासण्याचा मार्ग आहे, हेही तेथेच सांगितले आहे. चांगल्या कंपनीचा अभ्यास करून, पैसे गुंतवून वाट पाहणे हा उद्योग. मिनिटामिनिटाला पैज लावणे हा जुगार. पहिल्यासाठी एक पडदा पुष्कळ होतो. दुसऱ्यासाठी सहाही अपुरेच.

तेव्हा मातांनो, भगिनींनो, मुलगा पडद्याचे पैसे मागेल तेव्हा इंच नंतर विचारा. आधी वहीत लिहून घ्या : यातले पैसे कोणत्या भागातले? चौथ्या भागाला हात लागत असेल, तर दुकानाची पायरी चढू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!