लांब शब्द कोठे तोडावा?

परवा हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून परतताना शेजारच्या आजी आपल्या नातवासह औषधांच्या दुकानापाशी भेटल्या. आजींना मधुमेह आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील एक शब्द नातू अक्षरे लावून वाचीत होता : ‘हाय-पो-ग्लाय-सी-मि-या’. वाचून झाले, पण बोध काही होईना. ‘‘काका, हा शब्द आहे की आगगाडी?’’ त्याने विचारले.

आगगाडीच ती! मात्र डबे जेथे जोडले आहेत तेथेच ते सोडवावे लागतात.

वाचकहो, शब्द दोन प्रकारे तोडता येतो : एक जिभेसाठी, दुसरा अर्थासाठी. ‘अनादर’ हा शब्द आपली जीभ ‘अ-ना-दर’ असा उच्चारते. पण शाळेत आपण त्याचा विग्रह ‘अन् + आदर’ असा शिकलो. ग्रीक शब्दांचेही तसेच आहे. ‘अ‍ॅनिमिया’ हा शब्द उच्चारताना ‘अ‍ॅ-नि-मि-या’ असा तुटतो. अर्थाने मात्र ‘अन्’ म्हणजे नसणे आणि ‘हायमा’ म्हणजे रक्त. ग्रीकांचा ‘अन्’ आणि आपला ‘अन्’ हे सख्खे भाऊच होत.

आता आजींचा शब्द घेऊ. ‘हायपो’ म्हणजे खाली, ‘ग्लायक’ म्हणजे गोड, ‘ईमिया’ म्हणजे रक्तातील स्थिती; अर्थात रक्तातील साखर उतरणे. ‘हायपर’ म्हटले की साखर चढणे. ऐकण्यात फरक एवढासा, पण उपचार अगदी उलट! ही चूक टाळण्यास संस्कृत साह्य करते. ‘हायपो’ हा ‘उप’ या शब्दाचा, तर ‘हायपर’ हा ‘उपरि’ या शब्दाचा नातलग आहे. ‘उपरि’ म्हणजे वर, एवढे ध्यानी ठेवले की पुरे.

मधुमेह्याची साखर दर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, तर तो शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

नातवाने चिठ्ठीवर ‘हायपो’पुढे पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली व खाली लिहिले : ‘साखर कमी’. आजींनी ती चिठ्ठी जपून कनवटीला लावली. आपल्या घरातील चिठ्ठ्यांवरही अशी एक रेघ ओढून पाहावी.