हिरवा डोंगर, रिकामी कणगी



अमळनेरहून चोपड्याकडे निघालं आणि तापीचा पूल ओलांडला, की समोर सातपुड्याची निळी रांग दिसू लागते. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. हाच सातपुडा पूर्वेला पार अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटापर्यंत गेला आहे. आणि गंमत म्हणजे मेळघाटातल्या सिपना, गडगा, खापरा या नद्या आपल्या तापीलाच येऊन मिळतात. तेव्हा मेळघाट लांब असला तरी परका नाही बरं का!

हा मेळघाट पावसाळ्यात पाहावा. सागाला पांढऱ्या फुलांचे तुरे आलेले, दऱ्यांत ढग उतरलेले, चिखलदऱ्याला धुक्यात बुडालेले कॉफीचे मळे! सहलीला गेलेली मंडळी खूश होऊन परततात.

आता त्याच दिवसांत तिथल्या एखाद्या कोरकू आदिवासी घरात डोकावू या. शेती डोंगरउताराची आणि पावसाच्या पाण्यावरची. जूनमध्ये पेरलेलं हाती यायला दसरा-दिवाळी उजाडते. गेल्या वर्षीचं धान्य मात्र आषाढ-श्रावणातच संपत येतं. कणगीत हात घातला की तळ लागतो. पाऊस कोसळत असला की मजुरी मिळत नाही. ओढ्याला पूर आला की वाट बंद, आणि दवाखाना राहतो पलीकडे. पिण्याचं पाणी गढूळ होतं. मुळातच अर्धपोटी असलेल्या तान्ह्या बाळाला अशा वेळी हगवण किंवा न्यूमोनिया झाला, तर ते जिवावर बेततं. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सगळा महाराष्ट्र हळहळला होता.

म्हणजे पाहा, ज्या पावसानं डोंगर नटतो, त्याच पावसात घरातली चूल थंडावते.

पुण्याच्या 'मैत्री' या संस्थेनं १९९७ पासून नेमक्या याच दिवसांत तिथे स्वयंसेवक न्यायला सुरुवात केली. कॉलेजातली मुलं, नोकरदार, गृहिणी अशा साध्यासुध्या माणसांच्या तुकड्या चिखल तुडवत गावोगाव गेल्या. घरोघर जाऊन आजारी मूल वेळेवर शोधायचं, हे मुख्य काम. जुलाब झालेल्या मुलासाठी त्यांच्याजवळचं एक औषध तुम्हालाही बनवता येईल. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे सपाट साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवायचं. झालं! ते घोट-घोट पाजत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

बैरागडचे डॉक्टर रवींद्र आणि स्मिता कोल्हे तर तिथेच राहिले. आजाराच्या मुळाशी भूक आहे हे ओळखून या डॉक्टरांनी शेतीही केली. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

मग डोंगराकडे कौतुकानं बघायचंच नाही का? वा, का नाही? जरूर बघा! स्वयंसेवकही बघतात की. फक्त पुढच्या सहलीत धबधब्याचा फोटो काढून झाला, की जवळच्या गावात कुणाला तरी विचारा : काका, इथे दवाखाना किती लांब आहे? पूर आला की तुम्ही काय करता? घरचं धान्य कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं?

काय उत्तरं मिळाली ते आई-बाबांना सांगा, आणि मलाही पत्रानं कळवा. वाट बघतोय हं!