गाठ मुलीची, बोट आईकडे

आमच्या जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, पण वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत तो उस्मानाबादच राहणार. १९९९ पासून इथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या एका मोठ्या अभ्यासात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. (ज्या गटाची तपासणीच केली नाही, त्यावरून पुढे वाद झाला. तो वेगळा विषय.)

हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की कर्करोगाच्या अभ्यासात साऱ्या जगाला उपयोगी पडलेला आमचा जिल्हा अंडाशयाच्या गाठीचं नाव काढलं की गप्प होतो. तिच्यासाठी अशी गावोगाव करता येईल अशी चाचणी अजून नाही. तिथं घरच्यांचं लक्ष आणि घरच्यांचं खरं बोलणं हीच पहिली तपासणी.

काही वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी मोठ्यानं वाचायला उठेनाशी झाली. आवाज घोगरा झाला होता. ओढणी नाकापर्यंत. मी आमच्या बाजींना, म्हणजे शाळेतल्या मॅडमना, तिच्याशी बोलायला सांगितलं. पाळी सहा महिन्यांपासून बंद, ओठावर लव. घरात तावीज झालं होतं, दर्ग्यावर चार जुमेरात झाल्या होत्या. आई बाजींना म्हणाली, “डॉक्टर के पास गए तो लोगां क्या बोलेंगे? कल को रिश्ता करना है.”

शेवटी सोनोग्राफी झाली. अंडाशयात गाठ होती. तपासणीचा रिपोर्ट आला: सर्टोली-लायडिग पेशींची गाठ. अंडाशयाच्या दोनशे गाठींत एखादीही नसते इतकी दुर्मीळ. ती पुरुषी संप्रेरक बनवते, म्हणून आवाज आणि केस. बहुतेक वेळा ती एकाच बाजूला असते आणि लवकर सापडली तर तेवढंच अंडाशय काढून भागतं. पुढे मूल होऊ शकतं. हे त्या आईला कुणी आधी सांगितलं असतं, तर सहा महिने गेले नसते.

मग सुरू झालं ‘कुणाच्या घरचं’. दादी म्हणाली, बहूच्या घरचं. शेजारचे म्हणाले, तुमच्यात खालाजाद लग्नं होतात ना, त्याचंच हे. आता मुलीचे आईबाप खरंच खालाजाद. दोन्ही आज्या सख्ख्या बहिणी! त्यांच्यात घर वेगळं काढायचं कुठून? आणि मामाची मुलगी करणारे शेजारी आम्हाला हे ऐकवतात, तेही असो. नात्यातल्या लग्नानं थॅलेसेमियासारख्या आजारांचा धोका वाढतो, हे मी शाळेत स्पष्ट सांगतो. तिथं आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं. या गाठीचा हिशेब निराळा आहे.

अंडाशयाच्या काही गाठी वारशानं येतच नाहीत. प्रौढ बायकांच्या ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीत जवळजवळ प्रत्येक वेळी फॉक्सएल२ या जनुकाचं एकच अक्षर बदललेलं असतं. हेही २००९ सालीच, त्याच नियतकालिकात आलं. तो बदल आईकडचा नाही, बापाकडचा नाही. त्या एका पेशीत घडलेला.

सर्टोली-लायडिगच्या अनेक गाठींत डायसर१ नावाचं जनुक बिघडलेलं सापडतं. त्यातून बनणारं प्रथिन कात्रीसारखं आरएनएचे बारीक तुकडे करतं, आणि ते तुकडे इतर जनुकांना लगाम घालतात. (या तुकड्यांच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं.) काही मुलींमध्ये यातला पहिला बिघाड जन्मापासून असतो, दुसरा अंडाशयात होतो. जन्माचा बिघाड आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. कधी तो त्या मुलीतच नव्यानं झालेला असतो. बापाला अंडाशय नाही, म्हणून त्याच्यात तो दिसत नाही. फार तर गळ्याला गाठ येते. बिघाड असलेले बरेच जण आयुष्यभर धडधाकट राहतात. क्वचित मात्र तान्ह्या बाळाच्या फुप्फुसात गाठ होते आणि घरचे ती न्यूमोनिया समजतात.

म्हणूनच डॉक्टरांनी विचारलं होतं, “घरात कुणाला लहान वयात गळ्याची गाठ?” सगळे आईकडे बघायला लागले. बाप खाली बघत होता. त्याच्या बहिणीचं, मुलीच्या फूफीचं, लग्नाआधी गळ्याचं ऑपरेशन झालेलं. दादीनं ते वीस वर्षं दाबून ठेवलं होतं, रिश्त्यासाठीच.

माझं बिरादरीला सांगणं आहे: असल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट निकाहनाम्याइतका जपून ठेवा. ऑपरेशनच्या जागी मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो मागून घ्या. टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कर्करोगासाठी वेगळं क्लिनिक आहे, तिथं तो उपयोगी पडतो. आणि डॉक्टर खानदान विचारतील तेव्हा दोन्ही घरांनी तोंड उघडा.

ती मुलगी बरी आहे, बारावी झाली. घरच्यांनी रक्ताची चाचणी मात्र अजून केलेली नाही. “और एक नाम निकला तो?” असं बाप म्हणतो. तिची धाकटी बहीण यंदा माझ्या सहावीत आली आहे. मी तिला रोज एक उतारा मोठ्यानं वाचायला लावतो.