काठ्या पुरे, बटनांना नावं द्या

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. मराठी विभागात लिहायचं धाडस केलंय ते रागापायी.

राग काठीचा. आपल्या प्रोजेक्ट एक्झिबिशनला दरवर्षी एक तरी 'स्मार्ट ब्लाइंड स्टिक' असतेच. पीव्हीसीचा पाइप, त्याला अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक आर्डुइनो, एक बझर आणि सेलोटेपने चिकटवलेली बॅटरी. समोर काही आलं की ट्यँ ट्यँ. यंदा तीन ग्रुप्सच्या तीन काठ्या होत्या. मला वाटलं, काकांना दाखवूया.

काका म्हणजे शिरगावात आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात ते. तिशीत हळूहळू नजर गेली. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता रिटायर झालेत. बदलापूर लोकलने पंचवीस वर्षं एकट्याने अप-डाऊन केलंय. आपल्याला डोळे असून सकाळच्या गाडीत चढता येत नाही, तेव्हा विचार करा.

काकांनी एक काठी हातात घेतली, वजन केल्यासारखी खाली-वर केली आणि त्या मुलाला म्हणाले, "छान केलंय. पण ह्याचा आवाज बंद करता येतो का? मला रिक्षाचा आवाज ऐकायचा असतो." मग आपली पांढरी काठी घडी करून पिशवीत टाकली. घरी येताना अंबरनाथ गेल्यावर म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरची पोरं ना? मग काठी कसली करताय? माझ्या कॉम्प्युटरचं काय ते बघ की."

त्यांचा पीसी उल्हासनगरहून सेकंड हँड घेतलेला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला जी टीपीएम २.० लागते ती त्या मशीनमध्ये नाही. काका वापरायचे एनव्हीडीए. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. पूर्वी चांगला स्क्रीन रीडर म्हणजे हजार डॉलरच्या आसपासचं प्रकरण होतं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन ह्या दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला, सोर्स कोड खुला ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. पण तो चालतो फक्त विंडोजवर. लिनक्सवर त्या जागी ओर्का आहे.

मी पडले लिनक्स क्लबवाली. लगेच म्हणाले, "काका, लिनक्स टाकूया. फुकट आहे, हलकं आहे, आणि फ्री म्हणजे फ्रीडमवालं फ्री." हे भाषण माझं पाठ आहे, फर्स्ट इयरवाल्यांना देते ना दरवर्षी.

रविवारी पेनड्राइव्ह घेऊन खाली गेले. मी स्क्रीनकडे बघत क्लिक करत होते आणि काका शेजारी स्टूलवर, हात मांडीवर ठेवून. दर दोन मिनिटांनी विचारायचे, "आता काय आलं?" मी म्हणायचे, "काही नाही काका, नेक्स्ट नेक्स्टच आहे." अर्ध्या तासात झालं. सुपर, ऑल्ट आणि एस एकत्र दाबून ओर्का चालू केला, तो बोलायला लागला, मी खूश. काका शांतपणे म्हणाले, "अगं, उद्या हे बिघडलं आणि तू सबमिशनमध्ये असलीस, तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार स्वातंत्र्यं मी घडाघडा म्हणून दाखवते: चालवायचं, अभ्यासायचं, वाटायचं, बदलायचं. आणि पहिल्याच पायरीवर काकांना माझे डोळे उसने घ्यावे लागत होते.

त्या रात्री शोधलं. तर डेबियनमध्ये सोय आहे! इन्स्टॉलरचा पहिला मेनू आला की एस दाबून एन्टर मारायचा, पुढचा अख्खा इन्स्टॉलर बोलतो. २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीपासून आहे हे. मी दोन वर्षं लोकांना लिनक्स टाकून देतेय आणि मला माहीत नव्हतं, कारण मला कधी लागलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी काका खुर्चीत, मी बाजूला. एक अडचण त्याच्याही आधीची आहे: बायॉस मुकं असतं. तिथे कुठलाच स्क्रीन रीडर पोचत नाही. पेनड्राइव्हवरून बूट करायला कुठली की, खालचा बाण किती वेळा, हे काकांनी माझ्याकडून एकदा विचारून पाठ केलं. पहिल्यांदा चुकलं, जुनीच सिस्टिम सुरू झाली. दुसऱ्यांदा स्पीकरमधून ईस्पीकचा तो पत्र्यासारखा आवाज आला आणि काका ताठ बसले. मी काही सांगायला गेले तर म्हणाले, "तू बोलू नकोस, ते बोलतंय." पार्टिशनचा प्रश्न त्यांनी तीनदा ऐकला, मग एन्टर मारला. आपण कधी एकदा तरी नीट वाचतो का तो? दोन तास लागले. पण पुढच्या वेळी मी नसले तरी चालेल.

हे काही परदेशी लोकांनी आपल्यावर केलेले उपकार आहेत असं समजू नका. टी. व्ही. रामन हे नाव किती जणांनी ऐकलंय? जन्म पुण्याचा, १९६५ चा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी पूर्ण नजर गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजात गणित घेऊन बी. ए., मग आयआयटी मुंबईत मास्टर्स, मग अमेरिकेत कॉर्नेलला पीएच. डी. आयआयटी म्हणजे आपल्या रोजच्या लोकलच्या वाटेवर, कांजूरमार्गला उतरलं की पवई. १९९४ च्या त्यांच्या प्रबंधातली ॲस्टर ही सिस्टिम गणिताची समीकरणं बोलून दाखवायची. (त्यांच्या गाइड डॉगचं नावही ॲस्टरच!) १९९५ मध्ये त्यांनी एमॅकस्पीक प्रसिद्ध केलं. एमॅक्स ह्या मुक्त एडिटरला आतून बोलायला लावणारं सॉफ्टवेअर.

'आतून' हा शब्द महत्त्वाचा आहे. साधा स्क्रीन रीडर बाहेरून बघतो. कॅलेंडर उघडलं तर त्याला आकड्यांचा चौकोन मिळतो आणि तो आकडे वाचत सुटतो. एमॅकस्पीकला माहीत असतं की हे कॅलेंडर आहे, म्हणून ते वार आणि तारीख सांगतं. एमॅक्सचा कोड उघडा होता म्हणून रामन यांना हे करायला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी काय केलं असतं? कंपनीला पत्र लिहिलं असतं आणि उत्तराची वाट बघितली असती.

ह्यावर आमच्या क्लबमधली मंडळी टाळ्या वाजवतील, पण थांबा. कोड उघडा असला की सगळं आपोआप होतं हा आपला गोड गैरसमज आहे. ओर्का मुख्यतः सन मायक्रोसिस्टिम्सच्या पैशावर वाढला. २००६ मध्ये नोमने तो आपला अधिकृत स्क्रीन रीडर केला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि ह्या कामावरची टीम पांगली. त्यानंतर जोनमेरी डिग्ज आणि मूठभर लोकांनी तो वर्षानुवर्षं ओढलाय. लाखो मशीन्सवर जाणारी गोष्ट मूठभरांवर! मग वेलँड आलं. जुन्या एक्समध्ये कुठलाही प्रोग्रॅम सगळ्या कीज ऐकू शकायचा, ओर्काचे शॉर्टकट त्यावरच चालायचे. वेलँडने सुरक्षेसाठी ते दार बंद केलं, हे बरोबरच होतं, पण त्या दाराने कोण ये-जा करतं हे आधी कोणी बघितलं नाही. नोममध्ये ते नीट बसलं मार्च २०२५ च्या ४८ व्या आवृत्तीत. तोपर्यंत डोळस लोक नवीन ॲनिमेशनचं कौतुक करत होते. मीपण.

आता आपल्या घरचं बघूया. क्लबने फेस्टच्या रजिस्ट्रेशनसाठी ॲप केलं होतं. आम्हाला त्याचा भयंकर अभिमान. सगळीकडे गोंडस आयकॉन्स, मजकूर कमी. मी ते काकांच्या मशीनवर उघडलं. ओर्का म्हणाला: बटन. बटन. बटन. बटन. काका म्हणाले, "ह्यातलं पैसे भरायचं कुठलं?"

दुरुस्ती काय होती माहितेय? प्रत्येक बटनाला एक नाव. एकेक ओळ. चहा गार व्हायच्या आत झालं. ती ओळ लिहायला हुशारी लागत नाही, फक्त एकदा स्क्रीन बंद करून आपलंच सॉफ्टवेअर वापरून बघावं लागतं. मी बघितलं. सात मिनिटांत लॉगिनसुद्धा जमलं नाही मला. काकांचा ईस्पीक इतक्या वेगात बोलतो की मला फक्त गुंई ऐकू येतं आणि ते आरामात बातम्या ऐकत असतात.

म्हणून मी ठरवलं की फायनल इयरचा प्रोजेक्ट हाच घ्यायचा. दहा मुक्त ॲप्स निवडायची, ओर्काने तपासायची, जिथे नावं नाहीत तिथे पॅच पाठवायचे, मराठी नावंही द्यायची. एका सरांना विचारलं. ते चांगले आहेत, रागावले नाहीत. म्हणाले, "पण एक्झिबिशनला टेबलावर काय ठेवणार? हार्डवेअर काहीतरी दाखवा." म्हणजे परत काठीच! काठी टेबलावर ठेवता येते, फोटोत येते, पाहुण्यांच्या हातात देता येते. एक्झिबिशन संपलं की त्यातला सेन्सर काढून पुढचा ग्रुप वापरतो, आणि ती काठी घेऊन कोणी रस्त्यावर गेलंय असं मी अजून बघितलं नाही. बटनाचं नाव मात्र एकदा वर पोचलं की नागपूरच्या, नगरच्या, कुठल्याही काकांच्या मशीनवर पुढच्या अपडेटला आपोआप जातं. टेबलावर एक बंद स्क्रीन, एक कीबोर्ड आणि हेडफोन ठेवा ना. पाहुण्यांना म्हणा, एक फॉर्म भरून दाखवा. आणि काठी करायचीच असेल तर करा बापडे, पण पाइप कापायच्या आधी काठीवाल्याला एकदा विचारा.

जाता जाता आपल्या मासिकाबद्दल. संपादक रागावतील, पण छापा. आपला मराठी विभाग अजून जुन्या फॉन्टमध्ये लागतो. त्यात दिसायला 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच रोमन अक्षर. गेल्या वर्षीच्या अंकाची पीडीएफ काकांच्या ओर्काला दिली तर तो स्वल्पविराम, डॉलर, कंस असलं काहीतरी वाचायला लागला. इंग्रजी विभाग मात्र पहिल्या पानापासून व्यवस्थित वाचला. मला, कॉन्व्हेंटवालीला, तेव्हा लाज वाटली. युनिकोड येऊन जमाना झाला, मराठी युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात, ईस्पीकला मराठी येतं. आवाज स्टेशनवरच्या बाईंसारखा गोड नाही, यंत्रासारखा आहे, पण काकांची तक्रार नाही.

म्हणून हा लेख आधी युनिकोडमध्ये टाइप करून फाइल काकांना दिली. त्यांनी दोनदा ऐकला. सात-आठ ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लावलं, त्यांना ते उच्चारावरून कळतं म्हणे. मग म्हणाले, "बाकी ठीक आहे. पण त्या दिवशी मी स्टूलवर नव्हतो, पलंगावर होतो. स्टूलवर तू होतीस."