पृष्ठस्तराची खोली आणि एक-दशांशाचा नियम

मानकनगर ही लखनौची रेल्वे-वसाहत. १९५७ साली स्थापन झालेल्या रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेचे ठाणे येथेच आहे. मानक म्हणजे प्रमाण. परंतु या वसाहतीवरील हवेच्या तळच्या थराला कोणते प्रमाण लावावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

जमिनीलगतच्या ज्या थरात उष्णता, बाष्प व संवेग यांचा ऊर्ध्व प्रवाह उंचीनुसार जवळजवळ बदलत नाही, तो पृष्ठस्तर होय. सीमास्तराचा एक-दशांश भाग ही त्याची रूढ खोली. ज्येष्ठातील दुपारी सीमास्तर दोन-तीन किलोमीटर चढतो. तेव्हा पृष्ठस्तर दोनशे ते तीनशे मीटर भरतो. पौषातील पहाटे सीमास्तर दीडशे मीटरच असला, तर उरतात अवघे पंधरा मीटर. चुलींचा व शेकोट्यांचा धूर आणि धुके यांचा निवाडा या तळच्या हवेतच होतो. म्हणून गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशालाही हा आकडा परका नाही.

जवळच अमौसीहून वेधशाळेचा फुगा सोडतात. त्याच्या प्रमाणित वेळा पहाटे व सायंकाळी साडेपाच. हिवाळ्यात एक सूर्योदयापूर्वीची, दुसरी सूर्यास्ताच्या सुमाराची. भर दुपारची हवा दोन्हींतून निसटते. शिवाय सेकंदाला सुमारे पाच मीटर चढणारा फुगा पंधरा मीटर तीन सेकंदांत ओलांडतो. एवढ्या अवधीत थराची परीक्षा व्हावी कशी?

येथे मनोराच हवा. १९९० च्या मान्सून-द्रोणी प्रयोगात वाराणसीस तीस मीटरांचा मनोरा उभारून निरनिराळ्या उंचींवर वारा व तपमान मोजले गेले. ओबुखोव्हने १९४६ साली मांडलेली लांबी अशाच मोजमापांतून काढता येते. (ही लांबी म्हणजे थराची खोली नव्हे, दोहोंची गल्लत वारंवार होते. घर्षणजन्य खळबळ आणि उत्प्लावकता यांचे बलाबल ती सांगते.)

मात्र मनोरा वस्तीत रोवून भागत नाही. घरांमुळे विस्कटलेली हवा त्यांच्या उंचीच्या दुप्पट ते पाचपट उंचीपर्यंत पोचते. घरे दहा मीटर उंच धरली, तर ही मर्यादा वीस ते पन्नास मीटर येते. आणि नियमाने दिलेला पृष्ठस्तर तर पंधराच मीटरांचा! म्हणजे नियम जेथे थर दाखवितो तेथे तो नसतोच. अशा पहाटेच्या नोंदीत पंधराचा आकडा भरण्यापेक्षा तो रकाना रिकामा सोडावा आणि मनोरा वस्तीबाहेरील मोकळ्या शेतांत न्यावा, हेच अधिक योग्य.